'पण' या एका शब्दाविषयी

महाराष्ट्रातल्या सर्व ख्रिस्ती मंडळ्यांचे बिशप, पाळक आणि धर्मगुरू यांस खुले पत्र

आदरणीय बिशप, पाळकसाहेब आणि फादर,



मी नगरची. कागदावर आता अहिल्यानगर लिहितात, तोंडात मात्र नगरच येतं. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. रविवारी उपासनेत डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसणारी साधी सभासद आहे. मंडळीच्या वार्षिक सभेत आजवर कधी हात वर केलेला नाही. तेव्हा असं जाहीर पत्र लिहिणं माझ्या स्वभावाबाहेरचंच आहे.

कारण घरातलं आहे. माझी भाची अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात असते. तिचं लग्न ठरलंय. मुलगा तिथलाच, कृष्णवर्णीय. घरात प्रार्थनेचं वातावरण, आजी चर्चच्या गायकवृंदात गाणारी. लग्न तिकडेच होईल. इकडे माझ्या आईला मात्र आता प्रवास झेपत नाही, म्हणून जानेवारीत आपल्या मंडळीत आशीर्वादाची एक उपासना व्हावी अशी आमची इच्छा. मी आमच्या पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी चहा पाजला, प्रार्थना केली आणि म्हणाले, "ताई, दोघंही ख्रिस्ती आहेत, शास्त्राची काही हरकत नाही. पण..."

'पण'च्या पुढे वाक्यच नव्हतं. थोडा वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग तुकड्यातुकड्यानं आलं: मंडळीत चर्चा होईल, धाकटीचं अजून व्हायचंय, पुढे मुलाबाळांचं कसं, आणि घरातल्या घरात प्रार्थना ठेवलीत तर मी जरूर येईन.

माणूस वाईट नाही. कोविडच्या दिवसांत ज्यांच्याजवळ सख्खे नातेवाईक फिरकत नव्हते, त्यांना या माणसानं माती दिली आहे. म्हणूनच हे पत्र त्यांच्या एकट्याच्या नावे नाही. तो 'पण' त्यांचा एकट्याचा नाही. त्याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातलं एक जुनं प्रकरण आपल्या नगरच्या मिशनच्या माहेरीच घडलेलं आहे.

'अमेरिकन बोर्ड' हे नाव आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी सहज असायचं. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईला उतरले ते या बोस्टनच्या बोर्डाचे मिशनरी म्हणून. १८३१ मध्ये त्यांचं ठाणं नगरला पडलं. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघालं. जोतीराव फुल्यांनी नगरला येऊन ज्यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, त्या सिंथिया फरार बाई १८२७ मध्ये याच बोर्डानं पाठवलेल्या. जात सोडा, एका पंगतीला बसा, एका प्याल्यातून प्रभुभोजन घ्या, हे आपल्या पूर्वजांना सांगणारी ही माणसं. त्यांचं ऋण मी मानते.

या बोर्डानं १८१७ साली कनेटिकट राज्यातल्या कॉर्नवॉल नावाच्या खेड्यात एक शाळा काढली होती. फॉरिन मिशन स्कूल तिचं नाव. हवाई बेटांतली, चीनमधली, अमेरिकेतल्या मूळ जमातींतली तरुण मुलं तिथे आणायची, त्यांना इंग्रजी, शेती आणि शास्त्र शिकवायचं आणि आपापल्या लोकांत प्रचारक म्हणून परत पाठवायचं, असा बेत. चेरोकी जमातीतले जॉन रिज आणि एलायस बुडिनो हे दोघं भाऊबंद तिथले हुशार विद्यार्थी. रिज आजारी पडला तेव्हा शाळेच्या कारभाऱ्याच्या घरी त्याची शुश्रूषा झाली. कारभाऱ्याची मुलगी सारा नॉर्थरप आणि तो एकमेकांच्या प्रेमात पडले आणि १८२४ च्या जानेवारीत त्यांचं लग्न झालं. गावात गहजब झाला. वर्तमानपत्रवाल्यांनी शाळेवर तोंडसुख घेतलं.

शाळेच्या विश्वस्तांनी वचन दिलं की असं पुन्हा होणार नाही. पुढच्याच वर्षी गावातल्या एका प्रतिष्ठित घरची, डीकन बेंजामिन गोल्ड यांची मुलगी हॅरिएट म्हणाली, मी बुडिनोशी लग्न करणार. ही मुलगी लहानपणापासून चर्चमध्ये वाढलेली, वयाची विशी नुकती गाठलेली.

आता मंडळी काय म्हणाली ते ऐका. शाळेच्या विश्वस्तांनी जाहीर पत्रक काढलं. त्यावर सही करणाऱ्यांत लायमन बीचर होते, त्या काळचे नामांकित धर्मोपदेशक, आणि पुढे 'अंकल टॉम्स केबिन' लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो यांचे वडील. पत्रकात या लग्नाला साथ देणाऱ्यांचं वागणं गुन्हेगारी स्वरूपाचं ठरवलं होतं, आणि कारण दिलं होतं ख्रिस्ती समाजाच्या भावनांचा अपमान झाल्याचं. भावना दुखावल्या, ही तक्रार आपल्याला नवी नाही. हॅरिएटचे मेहुणे हर्मन व्हेल स्वतः पाळक होते. त्यांनी तिला लांबलचक पत्र लिहिलं. त्याचा रोख असा की या लग्नानं मिशनच्या कार्याची हानी होईल. माणसं विश्वास काढून घेतील, देणग्या थांबतील, तेव्हा प्रभूच्या कार्यासाठी तू माघार घे.

मी ही प्रकरणं वाचत असताना एका गोष्टीपाशी अडखळले. या सगळ्या शास्त्र कोळून प्यालेल्या माणसांचा मुख्य भर शास्त्रावर नव्हताच. त्यांचं म्हणणं होतं: मुलगा ख्रिस्ती आहे, सुशिक्षित आहे, आम्हीच त्याला घडवलंय, पण...

१८२५ च्या जूनमध्ये एका संध्याकाळी गावातली तरुण मंडळी मैदानात जमली. हॅरिएट आणि बुडिनो यांचं चित्र तयार केलं होतं, त्याची प्रेतयात्रा काढली. डांबराच्या पिंपाला काडी लावली ती हॅरिएटच्या सख्ख्या भावानं, स्टीफननं. सुरक्षिततेसाठी तिला शेजारच्या घरी हलवलं होतं. तिथल्या खिडकीतून तिनं ते पाहिलं आणि पत्रात लिहून ठेवलं. त्या पत्रातला एक तपशील मला विसरता येत नाही. चिता पेटत असताना चर्चची घंटा वाजत होती. कोणी वारल्यावर वाजवतात तशी, संथ.

या सगळ्याआधी हॅरिएट आजारी पडली होती, वाचेल की नाही अशी अवस्था झाली होती. आपण देवाच्या इच्छेच्या आड तर येत नाही ना, या भीतीनं आई-वडिलांनी तेव्हाच संमती दिली होती. १८२६ च्या मार्चमध्ये लग्न झालं. त्याच वर्षी बोर्डानं शाळा बंद केली. माहेरची ही शाळा बंद पडल्यावर वर्षभरात फरार बाई आपल्याकडे निघाल्या.

मागच्या साली भाचीकडे गेले होते तेव्हा तिनं मला न्यू इकोटाला नेलं. चेरोकींची जुनी राजधानी, जॉर्जियातच. बुडिनोनं तिथे १८२८ मध्ये 'चेरोकी फिनिक्स' सुरू केलं, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं पहिलं वर्तमानपत्र. मिशनरी सॅम्युएल वूस्टर यांच्याबरोबर त्यानं शास्त्राचे भाग चेरोकी भाषेत आणले. लेकीचा संसार पाहायला म्हातारे डीकन गोल्ड पत्नीसह गाडी हाकत तिथवर आले होते, आणि समाधानानं परतले. सहा मुलांची आई झालेली हॅरिएट १८३६ मध्ये वारली. तिची कबर तिथेच आहे. भाची त्या कबरीपाशी बराच वेळ उभी होती. तिनं मला त्या मुलाबद्दल सांगितलं ते परतीच्या वाटेवर.

आता शास्त्राकडे वळते, कारण 'शास्त्राची हरकत नाही' एवढं म्हणून ते वाक्य घाईनं संपवण्याची आपल्याला सवय आहे. शास्त्र इथे गप्प नाही.

गणनाच्या बाराव्या अध्यायात मोशेनं कूशी बायको केली म्हणून मिर्याम आणि अहरोन त्याच्याविरुद्ध बोलू लागतात. कूश म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेचा, काळ्या माणसांचा मुलूख. काही अभ्यासक ती बाई सिप्पोराच होती असं मानतात, तो वाद बाजूला ठेवू. परमेश्वर त्या दोघांना दर्शनमंडपाशी बोलावून घेतो आणि रागावतो तो मोशेवर नाही. मिर्यामेच्या अंगावर कोड फुटतं, बर्फासारखं पांढरं. सात दिवस ती छावणीबाहेर राहते आणि तोवर अख्खी छावणी हलत नाही. या अध्यायावर मी आयुष्यात एकदाही प्रवचन ऐकलेलं नाही.

रूथ मवाबी. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात मवाब्याला दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत मज्जाव आहे. रूथचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद. दहा पिढ्या थांबायचं होतं, आणि तिसऱ्या पिढीला राजा झाला. मत्तयानं येशूची वंशावळ लिहिताना तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको यांना मुद्दाम जागा दिली.

एज्रा आणि नहेम्या यांची पानं मात्र जड आहेत, ती मी लपवणार नाही. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांनी परक्या बायका केल्या होत्या. एज्रानं त्या बायकांना मुलांसकट पाठवून द्यायला लावलं. वाचताना अंगावर काटा येतो. तिथे भीती सांगितली आहे ती परक्या दैवतांची. अनुवादाच्या सातव्या अध्यायातही कारण तेच: ती तुमच्या मुलांना दुसऱ्या देवांकडे वळवतील. पौल करिंथकरांना विजोड संबंधाबद्दल बजावतो तेव्हा तोही विश्वासाबद्दलच बोलतो. म्हणजे शास्त्र लग्नाच्या दारात जो प्रश्न विचारतं तो श्रद्धेचा आहे. कातडीचा प्रश्न आपण नंतर घुसवला, आणि घुसवताना नोहाच्या शापाचा हवाला दिला. तो शाप मुळात हामाला नाही, कनानाला आहे, आणि त्या अख्ख्या प्रसंगात रंगाचा शब्दही नाही.

तर मग शास्त्रानं न अडवलेली वाट कायद्यानं कशी अडवली? याचं उत्तर दक्षिण आफ्रिकेत सापडतं, आणि ते इतकं स्वच्छ आहे की मी वर्गात फळ्यावर मांडलं असतं.

१८२९ मध्ये केप प्रांतातल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉडनं ठरवलं की प्रभुभोजन रंगाचा भेद न करता सर्वांना एकत्रच मिळेल. प्रश्न मिटला होता. पण गोऱ्या सभासदांना शेजारच्या बाकावर काळा ख्रिस्ती नको होता, कुरकुर चालूच राहिली. १८५७ मध्ये सिनॉड पुन्हा बसला. ठरावाचा पहिला भाग असा की नव्यानं विश्वासात आलेल्यांना आहेत त्याच मंडळ्यांत सामावून घेणं इष्ट आणि शास्त्राला धरून आहे. मग आला 'पण'. काहींच्या दुर्बलतेमुळे ख्रिस्ताच्या कार्यात अडथळा येत असेल, तर अशांची उपासना वेगळ्या इमारतीत व्हावी.

बघा, पुन्हा तेच, ख्रिस्ताच्या कार्यासाठी. आणि दुर्बल कोण, तर ज्यांच्या हातात बंदूक, जमीन आणि सत्ता होती ते.

सवलत म्हणून दिलेली ती वेगळी इमारत १८८१ मध्ये वेगळं चर्च झाली. वेगळ्या चर्चमध्ये वाढलेल्या तीन पिढ्यांना वेगळेपणा हीच देवाची रचना वाटू लागली. मिश्र विवाहांवर बंदी घाला, असा आग्रह चर्चमधूनच सरकारकडे धरला गेला. १९४८ मध्ये पंतप्रधान झालेले डी. एफ. मलान हे स्वतः याच चर्चचे माजी पाळक. १९४९ मध्ये मिश्र विवाह बंदी कायदा आला, पुढच्या वर्षी लग्नाबाहेरच्या संबंधांवरचा कायदाही कडक झाला. गोऱ्या-काळ्या जोडप्यांच्या घरांवर रात्री-अपरात्री पोलीस धाडी घालू लागले. हे सगळं घडल्यानंतर, १९७४ मध्ये, चर्चनं वंशांविषयीचा मोठा अहवाल काढून त्याला शास्त्राचा आधार जोडला. आधी रूढी, मग सवलत, मग कायदा, आणि सर्वांत शेवटी वचन. आपण मात्र समजतो की वचनापासून सुरुवात झाली असेल.

तोच काळ, लंडन. १९४८ मध्ये बेचुआनालँडमधल्या, म्हणजे आजच्या बोट्स्वानातल्या एका जमातीच्या गादीचा वारस सेरेत्से खामा आणि इंग्रज तरुणी रूथ विल्यम्स यांना चर्चमध्ये लग्न करायचं होतं. आधी हो म्हणालेले धर्मगुरू दडपण आल्यावर कचरले. प्रकरण लंडनच्या बिशपांकडे गेलं. त्यांनी सरकारची मान्यता आणा म्हणून सांगितलं. शेवटी दोघांनी नोंदणी कार्यालयात जाऊन लग्न लावलं. १९६६ मध्ये तोच सेरेत्से खामा स्वतंत्र बोट्स्वानाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. चर्चची वेदी मात्र त्या जोडप्याला मिळाली नाही ती नाहीच.

आणि अमेरिका. व्हर्जिनियात तर या वादाची सुरुवातच एका ख्रिस्ती मिश्र विवाहानं झाली होती. १६१४ मध्ये जेम्सटाउनला जॉन रॉल्फ या इंग्रजानं बाप्तिस्मा घेतलेल्या पोकाहोंटसशी लग्न केलं. गव्हर्नरला लिहिलेल्या पत्रात त्यानं एज्राच्या काळच्या परक्या बायकांची धास्ती बोलून दाखवली होती, आणि तरी लग्न केलं. त्याच व्हर्जिनियानं १६९१ पासून गोऱ्या-काळ्यांच्या लग्नांवर कायदे केले. १९२४ चा वंशशुद्धीचा कायदा करताना मात्र राज्यातल्या बड्या घराण्यांची पंचाईत झाली, कारण ती पोकाहोंटसची वंशज म्हणवून घेण्यात धन्यता मानत. मग त्यांच्यासाठी कायद्यात पळवाट ठेवली: मूळ रहिवाशांचं रक्त सोळाव्या हिश्श्यापर्यंत असेल तर तो माणूस गोराच धरावा.

याच राज्यातल्या कॅरोलाइन काउंटीत १९५८ च्या जुलैमध्ये रात्री दोनच्या सुमारास रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या जोडप्याच्या झोपायच्या खोलीत शेरीफ शिरला. रिचर्ड गोरा, मिल्ड्रेड कृष्णवर्णीय आणि मूळ रहिवासी वंशाची. भिंतीवर वॉशिंग्टनमध्ये झालेल्या लग्नाचा दाखला लावलेला होता. तो इथे चालत नाही, असं त्यांना ऐकवण्यात आलं. शिक्षा वर्षभराची, राज्य सोडून पंचवीस वर्षं एकत्र परत आला नाहीत तर ती स्थगित. न्यायाधीश लिऑन बझील यांनी १९६५ मध्ये या शिक्षेचा फेरविचार नाकारताना देवालाच साक्षीला बोलावलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: सर्वशक्तिमान देवानं गोरे, काळे, पिवळे, मलय आणि तांबडे असे वंश निर्माण करून वेगवेगळ्या खंडांत ठेवले, ज्याअर्थी वेगळे ठेवले त्याअर्थी त्यांनी मिसळू नये, असाच त्याचा हेतू.

मी ती यादी पुन्हा पुन्हा वाचली. गोरे, काळे, पिवळे, मलय, तांबडे. यात आपण कुठे बसतो, पाळकसाहेब? नगरच्या बाजारात उभी असलेली मी कुठल्या रकान्यात? आणि देवानं प्रत्येकाला आपापल्या खंडात ठेवलं असेल, तर बझीलसाहेबांचे गोरे पूर्वज व्हर्जिनियात काय करत होते?

लव्हिंग यांच्या खटल्यात १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं व्हर्जिनियाचा हा कायदा रद्द केला. तोवर सोळा राज्यांत असे कायदे जिवंत होते. कायदा गेला, पण वचनाची ओढाताण थांबली नाही. साउथ कॅरोलायनातल्या बॉब जोन्स विद्यापीठाच्या संस्थापकांनी १९६० च्या ईस्टरला रेडिओवरून प्रवचन दिलं होतं आणि प्रेषितांच्या कृत्यांतलं सतरा-सव्वीस हे वचन घेतलं होतं. त्यात पौल अथेन्समध्ये सांगतो की देवानं एकापासून सगळी राष्ट्रं निर्माण केली आणि त्यांच्या वस्तीच्या सीमा ठरवल्या. प्रवचनाचा सगळा भार दुसऱ्या अर्ध्यावर. एकापासून निर्माण केली, हे पहिलं अर्धं वाऱ्यावर, आणि पुढच्याच वचनातलं 'त्यांनी देवाचा शोध करावा म्हणून' हेही. या विद्यापीठात भिन्न वंशाच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांशी प्रेमसंबंध ठेवायला बंदी होती. सरकारनं करसवलत काढली, १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते योग्य ठरवलं, तरी नियम टिकला. तो गेला मार्च २००० मध्ये, तोही अध्यक्षीय निवडणुकीच्या धामधुमीत टीकेचा भडिमार झाल्यावर. विद्यापीठाचा माफीनामा आला २००८ मध्ये.

२०११ मध्ये केंटकीतल्या एका छोट्या बाप्तिस्त चर्चनं नऊ विरुद्ध सहा मतांनी ठराव केला की भिन्न वंशाच्या जोडप्यांना सभासद करून घ्यायचं नाही, उपासनेत भागही द्यायचा नाही. अपवाद एकच, अंत्यविधीचा. देशभर छीथू झाल्यावर काही दिवसांतच तो मागे घेतला. मला मात्र कॉर्नवॉलची घंटा आठवली. अशा जोडप्यांसाठी चर्चला मरणाची घंटाच तेवढी वाजवता येते की काय?

हे सगळं सांगून मी चर्चला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून निघून जाणार नाही. 'पण' न म्हणणारी माणसंही त्याच चर्चमध्ये होती. ज्या बोस्टनमध्ये अमेरिकन बोर्डाची कचेरी, त्या मॅसेच्युसेट्स राज्यानं १८४३ मध्येच मिश्र विवाहांवरची बंदी उठवली, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं अर्जांवर सह्या गोळा करणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येनं होत्या. टिंगल सोसून त्यांनी ते केलं. कॅलिफोर्नियात १९४८ मध्ये आंद्रेआ पेरेझ आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस हे कॅथलिक जोडपं न्यायालयात गेलं ते धर्माचाच आधार घेऊन: आमचं चर्च आमचं लग्न लावायला तयार आहे, मग सरकार आड येणारं कोण? चार विरुद्ध तीन मतांनी ते जिंकलं. फादर, हा मान आपल्या चर्चच्या विवाहविषयक नियमांचा आहे. तिथे विवाहाच्या अडथळ्यांची यादी मोठी आहे, वंश मात्र त्यात नाही. लव्हिंग खटल्यात व्हर्जिनियाच्याच रिचमंडचे बिशप जॉन रसेल आणि इतर कॅथलिक बिशपांनी जोडप्याच्या बाजूनं न्यायालयात निवेदन दिलं. दक्षिण आफ्रिकेत १८८१ मध्ये बाजूला काढलेल्या त्याच मिशन चर्चनं १९८६ मध्ये बेल्हारचा विश्वासजाहीरनामा स्वीकारला. ज्यांना वेगळ्या इमारतीत बसवलं, त्यांनीच ख्रिस्ताची मंडळी एक आहे हे पुन्हा लिहून दिलं. मिश्र विवाहावरची बंदी त्याआधी वर्षभर, १९८५ मध्ये उठली होती.

अमेरिकेत १९५८ मध्ये गॅलपच्या पाहणीत शंभरातल्या चौघांना गोऱ्या-काळ्यांचं लग्न मान्य होतं. २०२१ मध्ये शंभरातल्या चौऱ्याण्णवांना. साठ-पासष्ट वर्षांत देश बदलतो. त्या बदलात चर्च पुढे होतं की मागून धापा टाकत आलं, एवढाच हिशेब उरतो.

आता आपलं घर. आपल्या मंडळ्यांत परवंशाचे जावई-सुना अजून मोजक्याच, म्हणून हा प्रश्न आपला नाही असं आपण समजतो. पण सोयरीक जुळवताना 'मूळचे कोण' हा प्रश्न अजून हळू आवाजात विचारला जातो, हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चार पिढ्या बाप्तिस्मा झालेल्या घरांतही विचारला जातो. परिचयपत्रात 'गोरी' हा शब्द छापताना आपला हात अडत नाही. नाताळच्या संदेशात सगळे एक, आणि लग्नाच्या बैठकीत ज्याचं त्याचं घराणं. भाचीच्या लग्नात तो 'पण' मोठ्यानं ऐकू आला, एवढंच. हळू आवाजात तो दर रविवारी आपल्या बाकांवर बसलेला असतो.

आणि नगरकरांनी तरी काळ्या कातडीनं बिचकू नये. हबसाणातून गुलाम म्हणून आलेल्या मलिक अंबरनं ही निजामशाही सावरली, स्वतःची मुलगी सुलतानाला दिली. त्याचा इतिहास मी तीस वर्षं वर्गात अभिमानानं शिकवला. मुलंही अभिमानानं ऐकायची. चारशे वर्षांपूर्वीचा हबशी आपल्याला चालतो. जानेवारीत विमानातून उतरणारा जावई चालेल का, ते कळेलच.

आपणा सर्वांना माझ्या तीन विनंत्या आहेत.

गणनाच्या बाराव्या अध्यायावर वर्षातून एकदा प्रवचन करा. मिर्यामेला सात दिवस छावणीबाहेर का राहावं लागलं, हे रविवारच्या शाळेतल्या मुलांना माहीत असू दे.

लग्नाआधी जोडप्याला समुपदेशनासाठी बसवता, तेव्हा विश्वासाबद्दल विचारा, पैशाबद्दल, रागाबद्दल, दारूबद्दल विचारा. परदेशी संसारात एकटेपणा येतो, दोन घरांच्या चालीरीती भिडतात, त्याबद्दलही खुशाल बोला. ते खरे प्रश्न आहेत. पण काळजीच्या आवाजात नकार देऊ नका. मुलांचं कसं होईल, या प्रश्नाचं उत्तर मंडळीच्याच हातात असतं. मुलांना बाप्तिस्मा द्यायला उभे राहणारे आपणच, आणि त्यांच्याकडे रोखून बघणारेही आपणच.

आणि कुणाला नाही म्हणायचं असेल, तर वचन दाखवून म्हणा, अध्याय आणि ओवीसकट. वचन नसेल तर तो सल्ला आपला स्वतःचा आहे, प्रभूचा नाही, हेही तिथल्या तिथे सांगा. कॉर्नवॉलच्या विश्वस्तांनी एवढा प्रामाणिकपणा दाखवला असता तर हॅरिएटच्या भावाच्या हातात काडी आली नसती.

आशीर्वादाच्या उपासनेसाठीचा लेखी अर्ज मी गेल्या रविवारी आमच्या मंडळीच्या कचेरीत दिला आहे. जानेवारीचा दुसरा शनिवार मागितला आहे. अर्जाखाली उत्तरासाठी मोकळी जागा सोडली आहे. त्यात 'हो' लिहावं किंवा 'नाही' लिहावं. तिसरा शब्द लिहू नये, एवढीच प्रार्थना.

प्रभूमध्ये आपली,
नगरच्या मंडळीतली एक सभासद